सायकलीचं जातं

शुक्रवारी पाळी सुटताना पाण्याच्या टाकीपाशी वाल्मिकनं हात वर केला आणि ओरडला, "ऐका रे, सोमवारपाईन शेठनी बस! लिंबायतथीन निंघी, गोडादराले थांबी, थेट शेडना दारशी!" मागावर जन्म काढलेली माणसं मागाबाहेरही ओरडूनच बोलतात. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. भिकननंही पिटल्या. पण टाळी वाजवता वाजवता त्याच्या लक्षात आलं, की आपला एक तळहात दुसऱ्याला नुसता टेकतो आहे, त्यातून आवाज निघत नाही. नवरात्रात लसकाण्याजवळ डंपरनं एका ओडिया कारागिराचा पाय चिरडला होता, तेव्हापासून शेठ बसचं बोलत होता. ती आता आली. चांगलंच झालं. "काय भिकनदादा," वाल्मिकनं त्याच्या पाठीत थाप मारली, "आते ती सायकलले पेन्शन दी टाक. कितला दिन तिना हाडं मोडशी?" "दी टाकसू ना, दी टाकसू," म्हणत भिकन हसला. सायकलच्या हँडलवर हात ठेवला तेव्हा ते थंड होतं आणि थोडं ओलसर, एखाद्या गुराच्या नाकाडासारखं.

शनिवारी पहाटे वर्षानं, त्याच्या बायकोनं, फडक्यात भाकरी बांधून दिली. "आजनी एक खेप," ती म्हणाली, "मंग सोमवारपाईन निवांत." निवांत हा शब्द तिनं असा उच्चारला, की जणू डोक्यावरची घागर उतरवून ठेवली. त्यानं सायकल ओट्यावरून खाली घेतली. थंडीचे दिवस, गल्लीत धुकं, कोपऱ्यावरचा चहावाला कोळशावर पुठ्ठा हलवत होता आणि दर हलवण्यासरशी त्याचं तोंड लाल उजळून पुन्हा काळं होत होतं. किती वेळा पाहिलं असेल हे तोंड. तरी आज भिकनला वाटलं, हे नीट पाहून घ्यावं. मग त्याचाच त्याला राग आला. माणूस गाव सोडून चालला आहे थोडाच? बसमधून जाणार आहे, एवढंच. पेटलेला कोळसा बसमधूनही दिसेल. पण दिसणं आणि भेटणं यात काही अंतर असतं का, हा प्रश्न घेऊन तो गोडादऱ्याच्या मोठ्या रस्त्याला लागला, आणि तिथं सायकलीच्या चेनचं वाकलेलं कव्हर नेहमीसारखं घासायला लागलं, दर फेऱ्याला एकदा, घर्रर्र, घर्रर्र.

हे कव्हर त्यानं कधी सरळ करून घेतलं नव्हतं. वर्षा म्हणायची, दुकानदार एक हातोडी मारेल तर आवाज थांबेल. तो म्हणायचा, करू कधीतरी. तो अमळनेरकडच्या गावातून सुरतेला आला तेव्हा शेड लिंबायतमध्ये होती, खोलीपासून चार गल्ल्यांवर. घर आणि शेड, शेड आणि घर. लग्न झालं, गायत्री झाली, खोली सुटून गोडादऱ्याला घर झालं, आणि एवढ्या वर्षांत सुरत म्हणजे त्याला फक्त एक आवाज होता, खटाक-खट, खटाक-खट, झोपेतही न थांबणारा. गावाकडं गेल्यावर लोक विचारत, सुरत कशी आहे रे, आणि तो म्हणे, मोठी आहे. मग शेठनं नव्या मशीन घेतल्या. लिंबायतची जागा पुरेना, म्हणून शेड कामरेजच्या अलीकडे उसाच्या वावरांमध्ये गेली. काहींनी काम सोडलं. भिकननं माळ्यावरची जुनी सायकल काढली, दोन्ही ट्यूब बदलल्या, आणि चाळिशी उलटल्यावर, पाठ दुखवत, धापा टाकत, सुरत पाहिली. जणू तिची आणि त्याची तोवर ओळखच करून दिलेली नव्हती कुणी.

पर्वत पाटियाला पुलाखाली हातगाड्या लागल्या होत्या. कोऱ्या कापडाचे ताके एकावर एक रचून त्यांच्या एवढ्या उंच उतरंडी केलेल्या, की ओढणारा माणूस दिसत नाही, नुसते दोन पाय दिसतात, आणि वाटतं कापडालाच पाय फुटले आणि ते बाजाराला निघालं. भिकनला हे पाय फार आवडत. पोटऱ्यांवर दोरखंडासारख्या शिरा. त्या कापडात आपल्या मागावरचंही एखादं असेल, ह्या विचारानं तो कधी कधी हातगाडीच्या शेजारून हळू जाई, जत्रेत आपलं लेकरू दुसऱ्याच्या खांद्यावर दिसावं तसा. पुलाच्या वर अर्धा चांद होता. इथंच झालं होतं ते, पहिल्यांदा, तेव्हाही धुकं होतं आणि तेव्हाही चांद अर्धाच होता. कव्हर घासत होतं, घर्रर्र, घर्रर्र, पाय फिरत होते, आणि त्याच्या तोंडातून, त्याला न विचारता, बाहेर पडलं:

सुरत शहरमा, पूल उंच कितला बांधा
खाले चाले मन्ही सायकल, वर चाले चांद आधा

तो दचकला होता. आजूबाजूला पाहिलं होतं. कुणी ऐकलं नव्हतं, एका गाईशिवाय. ही चाल भजनाची नव्हती, लग्नातल्या गाण्याची नव्हती. ही जात्यावरची चाल होती. बायांची. पहाटेच्या अंधारात माय दळायला बसायची आणि तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजलेला असायचा, जात्याच्या फेऱ्याबरोबर मांडी हलायची, पिठाचा गरम वास यायचा, समोरच्या बाजूला शेजारीण बसलेली, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एक ओळ माय म्हणायची. दुसरी पलीकडून यायची. कधी पलीकडची पहिली म्हणायची आणि माय पुरी करायची. कोण काय म्हणणार हे ठरलेलं नसायचं, तरी ओळ कधी अधांतरी राहिली नाही. पुरुषांनी त्या ओव्या ऐकायच्या, झोपेत ऐकायच्या, म्हणायच्या नाहीत. वाल्मिकला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी शेडात बांगड्यांचा डबा घेऊन आला असता. म्हणून भिकननं हे कुणालाच सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी नहरीपाशी पुन्हा एक आली, चार दिवसांनी आणखी एक, आणि मग सवय झाली, जशी विडीची होते. पहिली ओळ तोच म्हणे, दुसरीही तोच. कधी दुसरी अडे, मग सरथाणा येईस्तोवर जीव टांगलेला राही, आणि सरथाण्याच्या चढावर, छातीत श्वास मावत नसताना, नेमकी सापडे.

नहरीच्या रस्त्याला उजेड फुटायला लागला. पाण्याच्या कडेला कबुतरांचा थवा उतरला होता, एवढा दाट, की जमीन राखाडी होऊन गुटूगुटू बोलत होती. पटेलांच्या म्हाताऱ्या बाया पायात पांढरे बूट आणि वर साडी अशा थाटात चालायला निघालेल्या, एकीच्या हातात ज्वारीची पिशवी. ती मूठ उधळायची आणि राखाडी जमीन एकदम उठून पुन्हा बसायची. ह्या बाईला त्यानं एका ओवीत घातलं होतं, तिला कुठं माहीत होतं:

नहेरना कडे कडे, कबुतरना भरना बजार
दाना टाके पटेलबाई, लुगडाले चांदीनी किनार

आज तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, ओळखीची. इतक्या वर्षांत कधी नाही आणि आज. पुढं हिऱ्याचे कारागीर स्कूटरींवरून वराछाकडे चाललेले, एकामागे एक, इस्त्रीचे शर्ट, डोळे बारीक केलेले, दिवसभर बारीक पाहून पाहून रस्ताही बारीकच पाहणारे. नाश्त्याला लोचो विकणाऱ्या गाडीवर वाफ. मेट्रोच्या खांबांवर लोखंडी सळया आभाळात उभ्या, आणि प्रत्येक सळईच्या टोकाला एकेक साळुंकी, जणू कुणी मोजून दिली. काय शहर आहे, त्याला वाटलं. कुणाचंही नाही आणि पोटाला घेतं सगळ्यांना. ओडिशाचं, बिहारचं, काठियावाडचं, आमच्या खानदेशचं, ज्याला जे येतं ते त्याच्या हातात देतं, धागा, हिरा, झारा, आणि म्हणतं चल, लाग. रुसायला वेळ नाही त्याला. भिकनला कधी वाटे, ह्या सुरतेची कुणी नीट तारीफ केली नाही. लोक इथं येतात, कमावतात आणि आपापल्या गावाची गाणी गातात. हिचं गाणं कुणी गात नाही. ते काम आपल्याकडं आलं आहे, असं त्याला कुणाला न सांगता वाटू लागलं होतं, आणि सोमवारपासून ते सुटणार होतं.

कारण बस म्हणजे गिरणी. हे त्याला वालकच्या पुढे उमगलं, जिथं दोन सोसायट्यांच्या फटीतून तापी दिसते, पत्र्यासारखी चमकणारी. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बाया डबे डोक्यावर घेऊन लग्नाला निघाल्यासारख्या निघाल्या होत्या. मायच्या हातांचे घट्टे महिन्याभरात मऊ झाले. तिनं कौतुकानं त्याला तळहात दाखवले होते, पहा, पोरीना हात व्हई गयात. आणि त्यानंतर तिनं कधी ओवी म्हटली नाही. म्हणू नको असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं एकदा विचारलं होतं, तेव्हा ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "हात रिकामा व्हयनात, भिकन, तं तोंड बी रिकामं व्हई गयं." तिला दुःख झाल्यासारखंही दिसलं नव्हतं. तेच त्याला आज भिववत होतं. आपलंही असंच होईल. गुडघे बरे होतील, थंडीत कान दुखणार नाहीत, आणि आत जे दळलं जातं ते थांबेल, आणि थांबलं हे कळणारसुद्धा नाही. नको म्हणावं का बसला? काय सांगायचं? वर्षाला काय सांगायचं, की मला गाणं येतं? तो एक पाय जमिनीवर टेकून नदीकडे पाहत राहिला. मागून ऊस भरलेला ट्रक कर्कश हॉर्न देत इतक्या जवळून गेला, की पाचटीचं एक पान त्याच्या गालाला घासून गेलं.

शनिवारची पाळी कशी गेली हे त्याला आठवलं नाही. येतानाचा अंधारही तसाच गेला, काहीच सुचलं नाही, शेवटच्या खेपेला तरी काही यावं म्हणून वाट पाहिली म्हणूनच बहुधा. रविवारी जेवणं झाल्यावर वर्षानं साडी पसरली. बाजारातून साड्या यायच्या आणि गल्लीतल्या बाया घरी बसून त्यांवर खडे लावायच्या, डिंकाचा एक ठिपका, त्यावर काडीच्या टोकानं उचललेला एक खडा. कापड ताणून धरायला समोर कुणीतरी लागतं. एरवी गायत्री बसायची, आज ती कोपऱ्यात मोबाईल घेऊन लोळत होती, म्हणून भिकन बसला. दोन्ही मुठींत काठ धरून. वर्षाचं डोकं खाली, मानेवर घाम, हात चालू. दारातून ऊन येऊन साडीवर पडलेलं, आणि लावलेले खडे छतावर ठिपके पाडत होते, साडी हलली की सगळं छत हले. पाहता पाहता त्याचे डोळे जड झाले. वर्षाचा हात डबीकडे जाई, परत येई, डबीकडे जाई, परत येई. आणि त्याला न विचारता ओठ हलले:

"कामरेजनी वाटवर, ऊसना वावरमा वारा..."

आपण मोठ्यानं म्हटलं हे त्याला म्हणून झाल्यावर कळलं. त्याचे कान तापले. आता ती हसेल, गायत्री हसेल. वर्षानं मान वर केली नाही. एक खडा उचलला, ठिपक्यावर ठेवला, काडीनं दाबला, आणि त्याच चालीत, जरा घोगऱ्या आवाजात म्हणाली:

"मुठमा जीव धरीसन, दारले मी देस पहारा."

छतावरचे ठिपके थांबले, कारण त्याचे हात थांबले होते. तिनंही काडी खाली ठेवली. "आईक तं खरं," भिकन म्हणाला, "तुले येस?" "माले का बरं नही येवाव? जातावर मी बी बठेल शे माहेरले." "आन माले येस हाई तुले कव्हयपाईन माहीत?" "सायकल ओटावरथीन उतारतस तव्हयपाईन गुणगुणतस तुम्ही," ती म्हणाली, "आख्खी गल्लीले माहीत शे. तुम्हलेच तेवढं माहीत नही." कोपऱ्यातून गायत्री उठून बसली. "पप्पा! तमे तो शायर नीकळ्या! फिरसे बोलो ना, रील बनवते." "तुन्हं रील जाळ चुल्हामा," वर्षा म्हणाली, आणि हसली, आणि मग हसताना तिचं तोंड वेडंवाकडं झालं. पदरानं तिनं नाक पुसलं. "नवरातमा," ती म्हणाली, "तो ओडियाना पाय गया त्या दिन, गल्लीमा खबर उनी, कामरेज रोडले शेडना माणूस डंपरखाले गया. कोन, ते कोनले माहीत नही. तुम्हना फोन बंद. मी दारमा उभी. आन तुम्ही घर उनात, गाणं म्हणत."

त्याला तो दिवस आठवला. दिवसभर बॅटरी संपलेली, अपघाताचं त्याला दुसऱ्या दिवशी शेडात कळलं. योगी चौकाच्या मैदानावर गरबा चालला होता, तो कुंपणाशी सायकल टेकवून पाहत उभा राहिला होता, चणियांचे घेर एकात एक फिरत होते, शेकडो, आणि मध्ये दिवा. एवढं सुंदर त्यानं काही पाहिलं नव्हतं. त्यावर दोन ओळी करून, त्या घोळवत तो घरी आला होता. वर्षानं ताट वाढलं होतं. भाकरी एका बाजूनं करपली होती. त्याला त्या दिवसाचं तेवढंच आठवत होतं, की भाकरी करपली होती आणि ती काही बोलली नव्हती. म्हणजे ह्या रस्त्यावर तो कधी एकटा नव्हताच. तो सायकल मारत होता आणि ती दारात उभी राहून तोच रस्ता दळत होती, रोज, अंधारात, एकेक चौक. पर्वत पाटिया गेला असेल. नहर आली असेल. त्याच्या वाट्याला कबुतरं आली, तिच्या वाट्याला डंपर. खुंट्यावर दोघांचे हात होते आणि आपण समजत होतो की आपणच एकटे ओढतो आहोत, दुसरी ओळही आपलीच. कितीक दुसऱ्या ओळी तिच्याकडं पडून असतील, न म्हटलेल्या. त्याला विचारावंसं वाटलं, त्या पुलाच्या ओवीला तू काय म्हटलं असतंस, आणि कबुतरांच्या. पण तिनं काडी उचलली होती. "धरा ना नीट," ती म्हणाली. "ढिलं पडनं. खडा वाकडा बठस." त्यानं काठ ताणला.

सोमवारी तो चालत नाक्यावर गेला. बस नवी होती, खिडक्यांना पडदे, आत अत्तरासारखा काहीतरी वास. वाल्मिकनं त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती, वर रुमाल टाकून. "ये भिकनदादा, खिडकी तुन्ही! राजासारखा बठ!" तो बसला. पडदा सारला. काचेला धुकं लागलेलं, ते त्यानं बाहीनं पुसलं. बाजूनं दुकानांची शटरं सरकन येत होती, सरकन जात होती. दुरून कुणी येताना दिसायचं नाही, दिसेस्तोवर मागं गेलेलं असायचं. सायकलवर जग समोरून यायचं, हळूहळू मोठं होत, नाव सांगत. बसमधली माणसं झोपली होती, वाल्मिकचं तोंड उघडं. नहर गेली का? गेली असावी. त्याला मायचे मऊ तळहात दिसले. मग तो उठला आणि झोपलेल्या गुडघ्यांना चुकवत पुढे गेला, ड्रायव्हरच्या मागं, जिथून समोरची मोठी काच सगळी दिसते, आणि दांडी धरून उभा राहिला. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "काका, बेसी जाव ने. तमारी सीट तो खाली छे." "बठीसन दिखत नही, भाई," भिकन म्हणाला. "शुं जोवुं छे एमां? रोजनो रस्तो छे." "हा," भिकन म्हणाला, "रोजनाच शे."

वालकच्या अलीकडे रस्त्याला एक लांब भिंत लागली. सायकलवरून ती नुसती भिंत होती, तिच्यावर शिकवण्यांच्या जाहिराती. बसच्या उंचीवरून आज तिच्या पलीकडचं दिसलं. झेंडूचं वावर. दूरवर, थेट नदीच्या झाडांपर्यंत. अजून पुरतं उजाडलं नव्हतं आणि कपाळाला बॅटऱ्या बांधलेली माणसं वाकून फुलं खुडत होती, प्रत्येकाच्या समोर तेवढाच पिवळा तुकडा पेटलेला, तो सरकायचा, विझायचा, पुढचा पेटायचा. एवढं सोनं भिंतीआड होतं आणि तो इतकी वर्षं शेजारून गेला. ड्रायव्हरनं गिअर बदलला, पायाखालची पत्र्याची जमीन थरथरली, आणि भिकनच्या ओठांवर आलं:

भिंतना पलाडे, झेंडूनं वावर सोनानं

त्यानं ती ओळ दोनदा घोळवली, सुटू नये म्हणून. दुसरी त्यानं शोधली नाही. ती गोडादऱ्याला वर्षाकडं होती, आणि ह्या वेळी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, दाराला कडी घालून पुन्हा झोपली असेल.